अळणी पाव

गिऱ्हाइकाच्या हातून बरणी फुटली, तर आबा म्हणायचे, "असू द्या हो!" आणि स्वतःच्या हातून चमचा पडला, तर "गाढवा, डोळे फुटले का?" जगाला साखर आणि स्वतःला शिव्या, असा हा बेकरीवाला. मागच्या महिन्यात पाव करपले, तेव्हा त्यांनी जाहीरच केलं, "पुन्हा चुकलो, तर पिठाला हात लावणार नाही. जावई सांभाळेल." आबा शब्दाचे पक्के. पीठ मळण्याखेरीज त्यांना दुसरं सुख ठाऊक नव्हतं, म्हणून घरचे धास्तावले.

लेकीने उपाय काढला, ध्यान.

"आबा, मळताना श्वासाकडे बघायचं. मन भटकलं की हळूच परत आणायचं. रागवायचं नाही."

"मन आहे की वासरू?" आबा म्हणाले. पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललंय!

दुसऱ्या दिवशी पहाटे ते श्वास बघत मळायला लागले आणि गंमत म्हणजे जमलं. पीठही भलतंच भराभर फुगलं. "बघ, ध्यानाचा गुण!" त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं. भट्टीतून पाव निघाले ते मात्र पांढरेफटक. बायकोने तुकडा तोंडात टाकला आणि मिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

श्वासाच्या नादात मीठच राहिलं होतं! मिठाचा लगाम नसला की पीठ असंच उधळतं, हे आबांनीच जावयाला शिकवलेलं.

ते मैद्याच्या पोत्यावर मटकन बसले. 'म्हाताऱ्या, संपलास तू. उतरव आता ॲप्रन.' जावयाला हाक मारायला ते वळले. शेजारी जावयाने रात्री भिजवलेलं पीठ होतं, गारठ्याने फुगायला कुरकुरणारं. सवयीने आबांचा हात तिकडे गेला. त्यावरचं ओलं फडकं सारखं करत ते पुटपुटले, "असू दे राजा. होतं असं. बस जरा निवांत, येशील वर."

"जन्मभर ऐकतेय," बायको म्हणाली. "न फुगलेल्या पिठाला तुम्ही कधी शिवी दिली नाहीत. तेवढं एकदा स्वतःला म्हणून बघा की."

आबांनी इकडेतिकडे बघितलं, डोळे मिटले. "असू दे राजा," ते अगदी हळू म्हणाले. "होतं असं." आखडलेले खांदे आपोआप खाली आले. त्यांना बरं वाटलं, फार बरं वाटलं.

तेवढ्यात जावई आला. "आबा, आज मी मळू का?"

"तू खारं लोणी काढ, या अळणी पावांबरोबर द्यायला. आणि गिऱ्हाइकांना सांग, आज म्हातारा ध्यानाला बसला होता."

"आणि तो शब्द दिलेला, त्याचं काय?" बायकोने चिडवलं.

"मीच मला दिला होता. मीच मला माफ केला."

आबा उठले. हात धुतले, नवा मैदा घेतला. आधी मीठ टाकलं, मग डोळे मिटले.