शिलाई मशीनच्या पायांवरचा पियानो

पियानो बुधवारी आला, आणि त्याच दिवशी थोरलीने ठरवून टाकलं की याला पाय आपण द्यायचे.

खोक्यातून निघाला तेव्हा तो लांबलचक, चपटा, काळा, विजेवर चालणारा आणि बिनपायांचा होता. दुकानदार म्हणाला होता की स्टँड वेगळा मागवावा लागतो, यायला महिना लागेल. महिनाभर थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. रविवारी सकाळी दहाला तीन शिष्य यायचे होते. ते आले, बसले, शिकून गेले तर धाकटी या घरात राहणार होती. नाहीतर सोमवारी मधला भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता. तसं भावाबहिणींत ठरलंच होतं.

धाकटीने एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. मग डोळ्यांनी दगा दिला. सगळं दिसेनासं झालं असं नाही, पण जिकडे बघावं तिथेच मधोमध धुरकट डाग यायचा. कडेकडेचं दिसे. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की तोंड गायब आणि कान तेवढे दिसायचे. शाळेने निरोप दिला, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ती खिडकीत बसून होती आणि दिवसेंदिवस कमी बोलत होती. मधल्याचं म्हणणं, "आमच्याकडे सून आहे, नातवंडं आहेत, हाताशी माणसं आहेत. तिथे ताई दिवसभर मशीनवर, हिच्याकडे बघणार कोण?" बोलणं खोटं नव्हतं, म्हणून थोरलीला जास्तच झोंबलं होतं.

थोरली शिवणकाम करायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. कोपऱ्यात तिची पहिली पायमशीन पडून होती, डोकं कधीचं जाम झालेलं, पण खालचा लोखंडी सांगाडा अजून हत्तीसारखा मजबूत. गुरुवारी सकाळी तिने पाना घेतला आणि ते डोकं उतरवून काढलं.

"काय ठोकाठोक चाललीय?" धाकटीने आतून विचारलं.

"तुझ्या पेटीला पाय लावतेय."

"पेटी नाही, पियानो म्हण."

"आधी उभी राहू दे, मग नाव ठेवू."

तिने टेप लावली. पियानो बावन्न इंच, मशीनचा पाट छत्तीस. मग कापणीच्या टेबलाची जुनी फळी आडवी टाकली, नाड्यांनी चौफेर आवळली, वर जाड लोकरी बनात अंथरली की घसरायला नको. पियानो उचलायला दोघी लागतील असं वाटलं होतं, पण तो इतका हलका निघाला की थोरलीने एकटीनेच काखेत मारून आणला. त्याच्याबरोबर एक छोटं काळं पेडल आलं होतं, वायरीच्या टोकाला. जमिनीवर ठेवलं की ते पायाखालून सटकून भिंतीपर्यंत जाई. थोरलीने ते मशीनच्या पाय मारायच्या लोखंडी पायट्यावर ठेवलं, रेक्झिनच्या पट्टीने बांधलं आणि पायटा झुलू नये म्हणून खाली चिंध्यांचे बोळे कोंबले. झुलणं थांबलं. कुरकुर मात्र राहिली, जुन्या लोखंडाची ती खोडच.

सोबत माहितीपुस्तक होतं, सतरा भाषांतलं. आपली भाषा शेवटून तिसरी. धाकटीला ते वाचता येणं शक्य नव्हतं. थोरलीला येत होतं, पण तिची अक्षरं पन्नाशीनंतरची, धाकटीनेच गिरवून घेतलेली. ती प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचे, आणि बोट पुढे सरकलं की डोकं मागे राहायचं. तरी तिने नेटाने सगळं वाचून काढलं. अडॅप्टर कुठे खोचायचा, पेडलची वायर कोणत्या भोकात, पाणी सांडू नये, उन्हात ठेवू नये.

"हे सगळं कपड्यांना पण लागू आहे," ती म्हणाली.

पियानो भिंतीला टेकवलेला, आणि चालू करायचं बटण मागच्या अंगाला, हरभऱ्याएवढं. धाकटीला ते सापडेना. थोरली म्हणाली, "सरक. या खोलीत मशीन सुरू करायची ती मी." ती स्टुलावर बसली, मागे हात घातला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. दोन बोटांनी चार पट्ट्या दाबून पाहिल्या. घुमला छान. ती उठली आणि धाकटीला बसवलं.

धाकटीने पट्ट्यांवर हात ठेवले. या कामाला तिला डोळे लागतच नव्हते. तिने एक लहानशी धून सुरू केली, आणि चौथ्या सुराला थांबली.

"काय झालं?"

"सूर थांबत नाहीयेत. बोट उचललं तरी मागचा रेंगाळतोय. सगळा चिखल होतोय." तिने पाय पेडलवर ठेवला. "आणि पेडल दाबलं की तुटतात. उलटं चाललंय. दाबलं की लांबायला हवेत, सोडलं की थांबायला हवेत."

"दुकानात?"

"दुकानात अगदी सरळ होता. म्हणून तर हा निवडला."

पेडल बिघडलं असेल म्हणून थोरलीने त्याची वायर उपटली. चिखल तसाच. म्हणजे पेडलचा दोष नाही, आतच काहीतरी. वायर पुन्हा खोचून तिने दुकानदाराला फोन लावला आणि त्याने कानाला हात लावेपर्यंत बोलली.

शुक्रवारी दुकानदार स्वतः आला. गोल, घामेजलेला, भला माणूस. त्याने सांगाड्याभोवती एक चक्कर मारली. "मावशी, असा स्टँड मी आयुष्यात पाहिला नाही."

"तुमचा महिन्याने येतोय. तोवर बघून घ्या."

त्याने वाकून बटण दाबलं, उभ्या उभ्याच पट्ट्यांवर हात फिरवला. सूर कसे, धुऊन वाळत घातल्यासारखे, एकेक वेगळा. मग पायाने पेडल दाबलं, लांबले. सोडलं, थांबले. धाकटीने वाजवून पाहिलं. सरळ.

"मला तरी काही दिसत नाही," तो म्हणाला, आणि लगेच धाकटीकडे बघून जीभ चावली.

"मला पण दिसत नाही," धाकटी म्हणाली. "ऐकू येतंय ते बोला."

"ऐकायलाही उत्तम आहे बाई."

तो चहा पिऊन गेला. जाताना पियानो बंद करून गेला. तासाभराने थोरलीने बसून पुन्हा चालू केला आणि धाकटी वाजवायला लागली, तर परत चिखल.

थोरली संतापली. "हा पियानो माणूस बघून वाजतो. पुरुषाची भीड धरतो मेला."

धाकटी हसली नाही. ती कितीतरी वेळ एकच पट्टी दाबत राहिली. मग म्हणाली, "तो माणूस खोटं कशाला बोलेल? ताई, कदाचित पियानो ठीकच असेल. माझे कानच गेले असतील."

"काहीतरी बोलू नकोस."

"डोळे गेले तेव्हाही मी सहा महिने चष्म्यालाच दोष देत होते."

थोरलीला स्वतःला काही कळत नव्हतं हीच तर पंचाईत होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मशीनच्या घरघरीत काढलेले तिचे कान, त्यांना चिखलही गोड वाटायचा. ती शपथेवर सांगू शकत नव्हती की तुझे कान ठीक आहेत.

शनिवारी सकाळी धाकटीने मधल्याला फोन केला. थोरली बटणं लावत होती, तिने एकच बाजू ऐकली. "हो दादा. सोमवारीच ये. नाही रे, त्या तिघांना मी आज कळवते... नाही, वाईट वाटायचं काय त्यात." सुई बोटात गेली तरी थोरलीला ती कळली नाही. शर्टावर लाल ठिपका उमटला तेव्हा कळलं.

दुपारी धाकटी आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. थोरली पुढच्या खोलीत पियानोसमोर बसली. दार अर्धवट उघडं होतं. तिने पियानो बंद केला, चालू केला, चार पट्ट्या दाबल्या. बंद केला. अडॅप्टर काढून फुंकला, पुन्हा खोचला. चालू केला. मशीन अडली की ती असंच करायची. दोरा काढायचा, पुन्हा ओवायचा, आणि सातव्या-आठव्या खेपेला मशीन लाजून चालू व्हायची.

"ताई," आतून आवाज आला.

"करू दे मला. तू घाल तुझ्या घड्या."

"पुन्हा एकदा कर. बंद करून चालू."

तिने केलं.

"अजून एकदा. पण आधी उठ, आणि मग येऊन बस."

"कवायत घेतेस का माझी?" असं म्हणत ती उठली, बसली, मागे हात घातला आणि बटण दाबलं.

धाकटी दारात येऊन उभी राहिली, हातात अर्धी घडी झालेली साडी. "तू बसलीस की आधी पायटा कुरकुरतो. मग बटणाची टक येते. काल दुकानदाराच्या वेळी नुसती टक आली होती. कुरकुर नव्हती."

"तो उभा होता."

"म्हणजे त्याचा पाय पायट्यावर नव्हता. तुझा आहे."

थोरलीने खाली पाहिलं. उजवा पाय पेडलवर होता, नीट, बेताने, जसा असायला हवा तसा. तो तिथे कधी गेला ते तिला आठवत नव्हतं. पायमशीनवर बसलेल्या बाईचा पाय पायट्यावर नसेल तर असणार कुठे? चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून बसल्या क्षणी पाय ठेवून पायटा धरून ठेवायचा. हाताखालच्या प्रत्येक मुलीला तिने पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

"आता माझ्या पायावर ढकल," ती म्हणाली. "सगळं करून झालं, तेवढाच राहिला होता."

"पाय वर घे आणि चालू कर. एकदाच."

थोरलीने बंद केला. पाय उचलायला मेंदूने सांगितलं आणि पायाने ऐकलं नाही. शेवटी तिने दोन्ही गुडघे हातांनी धरून पाय स्टुलावर घेतले, मांडी घातली, तोल सांभाळत मागे वाकली आणि बटण दाबलं. नुसती टक.

धाकटीने साडी खुर्चीवर टाकली. उभ्यानेच, बहिणीच्या खांद्यावरून हात घालून, तिने ती लहानशी धून वाजवली. चौथा सूर आला, पाचवा आला. प्रत्येक सूर आपापल्या जागी सुरू झाला आणि आपापल्या जागी संपला. ती शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवली. थोरली मांडी घालून मध्ये अडकलेली, हलायची सोय नव्हती. तिच्या डोक्यावर काहीतरी ओलं पडलं.

मग माहितीपुस्तक काढलं. एकोणिसाव्या पानावर तळाला होतंच: चालू करताना पेडल दाबलेले नसावे, अन्यथा ते उलट काम करू शकते.

"तू हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं की. बोट ठेवून वाचलं होतं." थोरलीने त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. "दाबलं कुठे होतं मी? नुसता पाय ठेवला होता."

"ताई, तुझा नुसता पाय म्हणजे दीड मणाचा दगड."

"चाळीस वर्षं घर चालवलंय त्या दगडाने."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली आणि हसायला लागली. वर्षभरात ऐकलं नव्हतं असं, पोट धरून, पलंगापर्यंत जाईस्तोवर न थांबणारं हसू. थोरलीलाही हसू फुटलं, पण तिचे डोळे आतल्या खोलीतल्या बॅगेवर होते. बॅग अजून उघडी होती.

"त्या तिघांना कळवलंस का, येऊ नका म्हणून?"

"कळवते म्हटलं होतं," धाकटी म्हणाली. "फोनला हात जाईना."

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना तिघेही दारात. समोरच्या इमारतीतली दंतवैद्यीण, तिची नऊ वर्षांची मुलगी, आणि निवृत्त बस कंडक्टर, ज्याला आयुष्यात एकच गाणं वाजवायचं होतं आणि ते कोणतं हे सांगायला तो लाजत होता. थोरलीने पियानो उभ्यानेच चालू केला आणि मुकाट्याने आपल्या मशीनकडे गेली. मशीन मात्र चालवली नाही. हाताने तुरपाई करत बसली.

धाकटीने कंडक्टरला आधी बसवलं. त्याच्या तोंडाकडे न बघता, जरा बाजूला मान करून, म्हणजे तो तिला दिसावा. "बोटं अशी ताठ नकोत. तिकीट फाडताना धरायचात तशी सैल धरा." त्याची बोटं लगेच सैल झाली. मुलगी म्हणाली, "मला पण तिकीट." तिला धाकटीने मांडीवर घेतली नाही, मोठ्या माणसासारखी शेजारी उभी केली आणि तिचा अंगठा नेमक्या पट्टीवर ठेवला. दंतवैद्यीण चुकली तेव्हा धाकटीची पाठ तिच्याकडे होती, तरी ती म्हणाली, "तिसरं बोट वापरलंत, दुसरं हवं होतं." दंतवैद्यीण चपापली. "तुम्हाला कसं कळलं?"

"कान आहेत मला," धाकटी म्हणाली.

थोरलीने टाका ओढला आणि तो सरळ आला का ते बघायला मान खाली घातली, बरीच खाली.

तासाचा दीड तास झाला. जाताना कंडक्टरने दारात घुटमळत विचारलं, बुधवारी पण चालेल का, म्हणजे आठवड्यातून दोनदा. आणि त्याची मेहुणी विचारत होती, तिला जमेल का, ती जरा बहिरी आहे.

"जरा म्हणजे किती?" धाकटीने विचारलं. "पाठवा. बघू या."

सगळे गेल्यावर तिने फोन घेतला. थोरली स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे करत होती.

"दादा, मी बोलतेय. हो, बॅग भरलेली आहे, पण रिकामी करतेय... अरे, बुधवारी चौथी येणार आहे. तू ये ना. सोमवारी नको, सोमवारी मला तयारी करायचीय. पुढच्या रविवारी ये, वहिनीलाही आण. पण दहाच्या आत आलास तर शिकवणी संपेपर्यंत बाहेर बाकावर बसावं लागेल." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "ताई? ती बघते की माझ्याकडे. आणि कोणीतरी तिच्याकडेही बघायला नको का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "मला काय झालंय बघण्यासारखं?" थोरली तिथूनच म्हणाली.

"ऐकलंस ना," धाकटी फोनमध्ये म्हणाली. "आता तूच सांग, हिला एकटीला टाकून मी कशी येऊ?"