गुलाबबाईंची अर्धमागधी

धरणगावच्या हायस्कुलात त्या काळी मुलांची सरळ वाटणी होत असे. गणित-सायन्स घेणारे हुशार, आणि इतिहास-भूगोल घेणारे उरलेले. ही वाटणी कोणी केली हे विचारायची सोय नव्हती. मुलींना तर न विचारताच उरलेल्यांत बसवत. कापडवाले इंदरचंद यांची चंचल नववीत अशीच उरलेल्यांत गेली, आणि वर तिनं संस्कृत सोडून अर्धमागधी घेतली. जुन्या जैन ग्रंथांची ती भाषा. मार्क बरे पडतात म्हणून पाटलांची पोरंही ती घेत. पण जैन स्थानकात प्रार्थनेला जमणारी मंडळी म्हणाली, "वा, इंदरचंदजी, पोरगी धर्माची भाषा शिकतेय." झालं, इंदरचंदांची छाती वीतभर पुढे आली. एरवी मुलीला पुढे शिकवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

घरात तिघंच. इंदरचंद, चंचल आणि इंदरचंदांची धाकटी बहीण गुलाबबाई. तेराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून भावाच्या घरी. चंचलची आई टायफॉइडनं गेली तेव्हा चंचल तीन वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घातलं ते या आत्यानंच. मारवाडी रीतीप्रमाणे ती त्यांना भुआ म्हणे.

भुआ रोज पहाटे पांढरं लुगडं नेसून सामायिकाला, म्हणजे ध्यान आणि पाठ करायला बसत. मांडी घातली की तासाभरात सगळी सूत्रं घडाघडा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. गावातल्या बायका म्हणत, पाठांतर करावं तर गुलाबबाईंनी. आणि खरंच होतं ते.

अर्धमागधी शिकवायला चुडामण पाटील सर होते. अमळनेरकडचे, कांदा-लसूण खाणारे, मिशाळ गृहस्थ. जैनांच्या पोरांना जैनांची भाषा हा माणूस शिकवतो याची गावाला गंमत वाटे. त्यांना गंमत वेगळीच वाटे. पोरं सूत्रं पोपटासारखी म्हणून दाखवत आणि अर्थ विचारला की जमिनीकडे बघत. एकदा सर वैतागले आणि वैतागले की ते पुस्तकी मराठी सोडून घरच्या बोलीवर येत.

"तुमले बठ्ठं पाठ शे, पन समजस काय?" ते म्हणाले, म्हणजे सगळं पाठ आहे, पण कळतं का? "घरी जे रोज म्हणतात, त्यातल्या एका शब्दाचा अर्थ घरच्या मोठ्यांना विचारून आणा उद्या."

चंचलनं संध्याकाळी भुआला विचारलं.

"अर्थ स्थानकातल्या महाराजसाहेबांना ठाऊक," त्या म्हणाल्या. "आपण म्हणायचं असतं."

म्हणाल्या खऱ्या, पण रात्रीपर्यंत त्यांना ते लागून राहिलं. ज्या शब्दांच्या आधारावर सारं आयुष्य काढलं, त्यातला एकही आपल्या ओळखीचा नाही! बाईंना स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या अकराजणांपैकी एकानंही अर्थ आणला नव्हता. सर रागावले नाहीत. म्हणाले, "मग उलटं करू. इथे शिका आणि घरी जाऊन सांगा." बाकीच्या दहाजणांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. चंचलनं मात्र घरी जाऊन सांगितलं, आणि त्या दिवसापासून गुलाबबाईंची शाळा सुरू झाली.

शाळा साडेपाचला सुटे. पाच वाजल्यापासून बाईंचा एक डोळा दाराकडे. पोरीनं हातपाय धुवेपर्यंत त्यांना दम निघत नसे. "हं, आज काय झालं?" आधी अर्धमागधी, मग हळूहळू सगळंच. भूगोलाच्या नकाशावर त्यांनी धरणगावावर अंगठा आणि मारवाडावर करंगळी ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंसंच? आणि आजोबा म्हणायचे, दीड महिना चाललो!" नागरिकशास्त्रात मत गुप्त असतं हे कळल्यावर तर त्या हबकल्याच. आजवर त्या भाऊ सांगेल त्या चिन्हावर शिक्का मारून, घरी येऊन भावाला तसं सांगत असत.

"न सांगितलं तरी चालतं, भुआ."

"असं होय?" त्या म्हणाल्या आणि दोन दिवस गालातल्या गालात हसत होत्या.

इंदरचंदांना यातलं काही माहीत नव्हतं. ते दुकानातून येत तेव्हा दप्तर आवरलेलं असे आणि बाई पोळ्या लाटत असत.

बाई स्वतः चौथीपर्यंत शिकल्या होत्या. चौथीत पहिला नंबर. मास्तर घरी येऊन वडिलांना म्हणाले होते, "हिला सातवीच्या फायनलपर्यंत राहू द्या, तालुक्यात नाव काढील." वडील अर्धे कबूल झाले होते आणि चार दिवसांनी काय झालं कोण जाणे, एकदम म्हणाले, उद्यापासून शाळा बंद. थोरला भाऊ इंदरचंद तेव्हा चौदा वर्षांचा. दाराच्या चौकटीला टेकून तो उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता. बाईंना बापाचा राग कधी आला नाही. भाऊ गप्प राहिला ते मात्र एकतीस वर्षं त्यांनी मनात धरून ठेवलं.

चंचल दहावीत गेली आणि त्या श्रावणात भुसावळहून स्थळ आलं. घर चांगलं, धंदा चांगला. मुलगा नववीपर्यंत शिकलेला. मुलाकडचे गोड शब्दांत म्हणाले, पोरगी मॅट्रिक नको, उगाच संसारात वरखाली होतं. इंदरचंदांनी अजून शब्द दिला नव्हता, पण शाळेतून दाखला काढायचा अर्ज देऊन आले. हेडमास्तर म्हणाले, "तुमचं पर्युषण उरकू द्या, मग या."

चंचल रडली नाही. नकाशाची वही तेवढी दप्तरातून काढून फळीवर ठेवली. ते गुलाबबाईंनी पाहिलं. पोरीची शाळा सुटणार म्हणजे त्यांचीही सुटणार. एकदा सुटली होती, आता दुसऱ्यांदा. पण भावाच्या घरात चोवीस वर्षं राहिलेल्या बाईनं कोणत्या तोंडानं बोलायचं? त्या गप्प राहिल्या. आषाढातच ठरवलेली अठाई मात्र त्यांनी केली. आठ दिवस उकळून गार केलेल्या पाण्यावर.

त्या आठ दिवसांत उठवत नव्हतं तरी शिकणं चालूच होतं. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पोरी, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणजे गं काय?"

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा, त्यानंतर सगळे एकमेकांना हात जोडून हेच म्हणतात. घरात, बाजारात, भांडण असो नसो. इंदरचंद तर दरसाल त्याची तीनशे कार्डं छापून गिऱ्हाइकांना पाठवत.

"माफ करा असंच ना?" बाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हटलं सरांना. ते म्हणाले, नाही. माझ्या हातून जे वाईट झालं ते फोल होवो, असा अर्थ. म्हणजे आधी काय वाईट केलं ते आठवायला पाहिजे."

बाईंनी तो अर्थ दोनदा पुटपुटून पाहिला.

संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. अठाई करणाऱ्याला पहिला घोट घरच्यांनी आपल्या हातानं द्यायचा असतो. इंदरचंद नवं धोतर नेसून, चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी घेऊन बहिणीपुढे बसले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा वातीसारखा झालेला. इंदरचंदांनी हात जोडले आणि दरसालसारखं भरभर म्हणून टाकलं, "मिच्छामि दुक्कडं, गुलाब." आणि चमचा पुढे केला.

बाईंनी चमचा तोंडाला लावून घेतला नाही.

"कशाबद्दल, भाईसा?"

"कशाबद्दल म्हणजे? वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल त्याबद्दल."

"ते नव्हे. एक काहीतरी सांगा. नाव घेऊन."

"आठ दिवसांची उपाशी तू, आणि आता हे काय काढलंस? पाणी घे आधी!"

"मी अडवून नाही बसले," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता, पण त्यात राग नव्हता. "इतकी वर्षं तुम्ही म्हणता, मी ऐकते. दोघांनाही ठाऊक नाही कशाबद्दल. या खेपेला मला कळायला हवं."

इंदरचंदांनी चंचलकडे पाहिलं. ती भुआच्या पाठीशी उशी धरून बसली होती. चमचा हातात तसाच राहिला. मग त्यांची मान हळूहळू खाली गेली. व्यापारात मुरलेला माणूस, चाळीस वार कापड एका दमात फाडणारा, पण आता वाटीतल्या पाण्याकडे बघूनच बोलला.

"बाबांना मी खोटं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या शाळेचं. वाटेत पोरं तिला चिडवतात, बाजारात लोक बोलतात, असं. कोणी चिडवत नव्हतं. तुझा पहिला नंबर आला आणि मी त्या वर्षी दुसऱ्यांदा नापास झालो होतो. बाबा रोज जेवताना तुझं नाव घ्यायचे, गुलाब. मला घास गिळवत नसे."

गुलाबबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. भाऊ गप्प राहिला एवढंच त्यांनी इतकी वर्षं मनात धरलं होतं, आणि हे तर त्याहून कितीतरी मोठं निघालं. राग यायला हवा होता. आला तो हुंदका. चौकटीला टेकलेला तो नापास झालेला पोरगा त्यांना एकाएकी दिसला आणि त्याची फार दया आली.

"माझंही ऐका," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "दर भादव्यात मी तुम्हाला तोंडानं माफ केलं. मनानं एकदाही नाही. तुमच्याच घरात राहून, तुमचंच खाऊन. ते माझं फोल होवो."

इंदरचंदांनी चमचा वाटीत ठेवला.

"आणि तुमचं म्हणाल," बाई पुढे म्हणाल्या, "तर माझ्या बाबतीतलं आता फोल व्हायचं नाही, भाईसा. एकतीस वर्षं झाली. ते होऊन गेलं." त्यांनी मागे हात नेऊन चंचलचं मनगट धरलं. "हिच्या बाबतीतलं अजून होईल."

मग इंदरचंदांनी वाटी खाली ठेवली आणि पोटच्या पोरीसमोर हात जोडले. तशी रीतच आहे, त्या दिवशी लहान-मोठं कोणी नसतं. पण दरसाल ते हसत हसत होई.

"चंचल," ते म्हणाले, "तुझ्या दाखल्याचा अर्ज मी दिला. तुला न विचारता. पोरगी मुलापेक्षा जास्त शिकू नये म्हणून." मग एकेक शब्द जपून उचलावा तसं म्हणाले, "ते माझं वाईट फोल होवो."

चंचल आता रडली. इंदरचंदांनी चमचा भरला. निम्मं पाणी बाईंच्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं त्या प्याल्या.

"भुसावळला काय कळवू?" इंदरचंदांनी बहिणीला विचारलं.

"अकरावीची मॅट्रिक होईपर्यंत दोन वर्षं थांबा म्हणावं. नाही थांबले तर नाही. पोरगी काही वाटेवर पडलेली नाही."

इंदरचंद उठले. टोपी घातली, आरशात न बघताच. दुकानाची किल्ली खुंटीवर राहिली ती राहिलीच. चंचल म्हणाली, "बापूजी, शाळा अकराला उघडते. आता कुठे दहा वाजताहेत." पण ते तोवर अंगण ओलांडून गेले होते.

शाळेला कुलूप होतं. शिपाई अजून आला नव्हता. इंदरचंद फाटकातून आत गेले आणि पायरीवर धोतर सावरून बसले. जन्मात ते शाळेत इतक्या लवकर कधी पोहोचले नव्हते.