तीन नंबरला हुकूम

गेम खेळणाऱ्याला रिकामटेकडा म्हणण्याचा हक्क त्यालाच, जो स्वतः कधी पत्ते कुटत बसला नाही, असं सबाचं ठाम मत होतं. या हिशेबाने तिला नावं ठेवू शकेल असा माणूस मलकापुरात तिला अजून भेटायचा होता.

अशी मतं तिच्याकडे पोत्याने होती. स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटलेला, पण गेममधल्या माणसाला विकतचं सोनेरी जाकीट, अशा पोरांना ती तोंडावर हसायची. हरल्यावर नेटला शिव्या देणारे तिच्या लेखी नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांच्याच कुळातले. आणि अनोळखी लोकांत खेळताना ती माइक बंद ठेवायची. पोरीचा आवाज ऐकला की निम्मे खेळाडू शत्रू सोडून तिच्याशी गप्पा मारायला येतात आणि उरलेले तिला स्वयंपाकघराचा रस्ता दाखवतात. तिने कुणाशी वाद घातला नाही. सामना संपल्यावर यादीत तिचं नाव वर असायचं, ते वाचता येत असेल त्याने वाचावं.

स्वतःच्या टीममध्ये मात्र माइक तिचाच. टीम चौघांची. ती, धाकटा भाऊ फरदीन, कडेगावची क्रांती आणि शेजारचे लालासाहेब. लालासाहेब म्हणजे लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, वय शेहेचाळीस. शेवटच्या पोस्टिंगला बर्फात अडकून पडले तेव्हा पलटणीतल्या पोरांनी त्यांना मोबाईलवर हा बंदुकांचा गेम शिकवला. बंदूक खरी असो की काचेतली, त्यांचा नेम सहसा चुकत नसे.

चौघं कुठे आहेत, समोरचे कुठून येतील, हे सगळं सबाच्या डोळ्यांपुढे नकाशासारखं उभं राहायचं. म्हणून कुणी कुठे पळायचं ते ती सांगायची. याला गेमच्या भाषेत कॉल देणं म्हणत. घरात काय, अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात काय, तिच्या शब्दावर काडी हलत नव्हती. इथे माणसं हलत होती. ही जागा तिला जिवापाड प्यारी होती, आणि नेमकी तीच फरदीनला हवी होती.

साताऱ्याला निघालेल्या एसटीत त्याने विषय काढलाच. "आपा, आज हरलो तर फुडं कॉल मी देणार. बोल, कबूल?"

"कबूल," सबा म्हणाली. जिंकायचीच खात्री असल्यावर कबूल म्हणायला काय जातंय!

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. अंतिम सामन्याच्या दोन टीम स्टेजवर नवरानवरीच्या मखमली सोफ्यांवर बसवल्या होत्या. खेळणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन, आणि लोकांना मजा यावी म्हणून त्यांचं बोलणं कर्ण्यांतून हॉलभर. पहिल्या रांगेत लालासाहेबांच्या पत्नी हरणाबाई धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन, मुलाकडच्या पाहुण्यासारख्या ताठ बसल्या होत्या. पाच डावांतले तीन जिंकणारी टीम पुढच्या फेरीसाठी पुण्याला जाणार होती.

पहिले दोन डाव सबाच्या टीमने हातोहात घालवले.

दोन्ही वेळा आधी लालासाहेब पडले. सबाला कारण कळेना. तिला शत्रू दिसत होता, ती वेळेवर सांगतही होती. "फरदीन, मागं! क्रांती, खाली बस!" आणि मग, "आवं काका, तुमच्या डाव्या अंगाला एकजण आलाय बघा, जरा वळता का?"

गावपातळीवरच्या स्पर्धांत समोरचेही ढिले असायचे, त्यामुळे एवढ्या अदबीला सवड मिळायची. इथली पोरं तयारीची होती.

चहाची सुट्टी झाली. फरदीनच्या चेहऱ्यावर आत्ताच कॅप्टनकी आली होती. सबाने हेडफोन काढून ठेवला. पुणं गेलं तर जाऊ दे, पण माइक जाणार या विचाराने तिला रडू येऊ लागलं.

लालासाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "सबा, माज्या पाठीत गोळी बसती तवा तू कुठवर आलेली आसतीस, ठावं हाय? 'जरा' पशी."

"मग काय तुमाला अरेतुरे करू, काका? अब्बा माझी हाडं मोडतील!"

"अरंतुरं कोण कर म्हणतंय? आमच्याकडं वायरलेसवर नावंच नसायची, नंबर आसायचं. साहेब माज्या निम्म्या वयाचा, पर 'तीन, डावीकडं' म्हणला की मी डावीकडं. त्यात कसला आलाय मान नि अपमान? आता मी तीन. तुजा लालाकाका हितं चहापशी ठिवलाय. सामना संपला की घिऊन जा."

तिसऱ्या डावात सबाने पहिल्यांदा "तीन, डावीकडं" म्हटलं तेव्हा तिची जीभ अडखळली. लालासाहेब मात्र वाक्य संपायच्या आत वळले होते. दुसऱ्यांदा जीभ कमी अडखळली. चौथ्या डावात तिला आठवणही राहिली नाही की तीन म्हणजे कोण. "तीन, झोप. तीन, उठ. तीन, पळ!" एवढा चपळ माणूस आपण वर्षभर 'आवं'खाली गाडून ठेवला होता, याचं तिला मनातल्या मनात हसू आलं. दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि हॉल उठून उभा राहिला.

शेवटच्या डावात क्रांती पडली, मग फरदीन पडला. पण जाताना दोघांनी समोरचे तीन नेले. उरले सबा आणि लालासाहेब, एका पडक्या गोदामात. समोर एकच, पण तो लांब पल्ल्याची बंदूक घेऊन कुठेतरी उंचावर दडलेला. गोळी झाडल्याशिवाय तो दिसणार नव्हता, आणि त्याची गोळी वाया जात नव्हती. वेळ संपला तर डाव त्याचा. वीस सेकंद उरली होती.

काय करायचं ते सबाला लख्ख दिसत होतं. एकाने उघड्यावर पळायचं. त्याला गोळी लागणार, आणि ती कुठून आली ते दुसऱ्याने बघायचं. दोघांत नेम लालासाहेबांचा चांगला, पण त्यांची बंदूक जवळच्या माराची होती. लांबवर मारणारी सबाकडे होती.

"हुकूम?" लालासाहेबांनी विचारलं.

"आवं का..." सबाने जीभ चावली. बारा सेकंद. शेजारचं घर, ईदचा शीरखुर्मा नेऊन दिल्यावर डबा कधी रिकामा न पाठवणारा हा माणूस. तिचा घसा दाटला. गेम होता, सगळा गेमच होता, तरी दाटला. मग तिने दम घेतला.

"तीन, बाहेर पळ. मर."

तीन पळाला. पाण्याच्या टाकीवरून ठिणगी उडाली, तीन कोसळला, आणि सबाने टाकीवरचं डोकं एका गोळीत टिपलं.

हॉलमध्ये शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ झाला. क्रांतीने तिला मिठी मारली. फरदीन सोफ्यावर चढून नाचत होता. सबाचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. सगळे उभे होते, एकट्या हरणाबाई बसल्या होत्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

 कर्ण्यांतून हॉलभर ऐकू गेलेला तो 'मर' आत्ता सबाच्या कानावर पडत होता. ती धावत खाली आली. "काकू, चुकलं माझं. तसं म्हणायचं न्हवतं मला..."

हरणाबाईंनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता.

"चोवीस वर्सं ह्यास्नी कुणी ना कुणी आसंच 'जा' म्हणत आसणार, ह्ये मला ठावं हुतं. त्यो सांगणारा कसा आसंल, ह्येच कळायचं न्हाई. दगडच आसंल, आसं वाटायचं. चोवीस वर्सं शिव्या दिल्या त्याला." त्यांनी डब्यावरची पकड सैल केली. "आज ऐकलं. सांगणाऱ्याचा बी घसा दाटतो."

तेवढ्यात लालासाहेब दोन्ही हातांत चहाचे कप सांभाळत आले.

"आवं लालाकाका, बसा की जरा," म्हणत सबा उठली आणि तिने खुर्ची दिली.

हरणाबाईंनी डबा उघडून पहिलं धपाटं सबाच्या हातावर ठेवलं. "पुण्याला बी तूच सांग," त्या म्हणाल्या. "फकस्त आजच्यावानी दम घिऊन सांग."