वाफ धरायचा डबा

ट्रकतळावर त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्यांच्या नवऱ्याला खटपट्या म्हणत, पण ते त्याच्या पाठीमागे. नाव अगदी चपखल होतं. चालू असलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. उघडलेली पुन्हा चालू केल्याशिवाय घास गोड लागत नसे, हेही खरं, नाहीतर वहिनींनी केव्हाच हात टेकले असते.

सहा वर्षं वहिनी ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून हिंडत होत्या, आणि ते काही हौस म्हणून नव्हे. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी, जेवण झाल्यावर, स्टिअरिंगवर त्याचा डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून शेतात उतरला. माणूस वाचला. डाव्या खांद्यात डॉक्टरांनी एक सळी घातली. पुढच्या खेपेला वहिनी कॅबिनमध्ये चढल्या त्या चढल्याच. काम एकच, त्याला बोलतं ठेवायचं. सहा वर्षांत दोन्हीकडच्या नातेवाइकांची उणीदुणी तीन-तीनदा काढून झाली होती. हल्ली विषय संपला की त्या रस्त्याकडेचे दगड वाचून दाखवत आणि तो हुंकार भरत असे.

आता त्यांना खाली उतरायचं होतं. तळाच्या फाटकासमोर सीटकव्हर शिवणाऱ्या मावशींचं दुकान होतं. ट्रक उभा असला की वहिनी तिथे जाऊन बसत. रिकामे हात बरे दिसत नाहीत म्हणून थोडं शिवूही लागल्या. एक दिवस मावशींनी त्यांची शिवण उलटीसुलटी करून पाहिली, दोन्ही बाजूंनी ताणून पाहिली, आणि खिडकीजवळचं मशीन रिकामं आहे, रोज येणार असाल तर ते तुमचं, असं सांगितलं. मावशी कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर दुसरी बाई बघते, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

वहिनींना ते मशीन हवं होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला एखादी वस्तू इतकी हवीशी वाटावी याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटे. पण नवऱ्याला सांगायला जीभ रेटेना. मी उतरते म्हणणं म्हणजे तुम्ही एकटे जा म्हणणं, आणि एकटा गेला की काय होतं ते त्याच्या खांद्यात बसलेलं होतं. म्हणून त्यांनी आडवळण घेतलं. कॅबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो, माझं डोकं उठतं, आता मला झेपत नाही, असं म्हणायला सुरुवात केली. वास होता. डोकंही दुखायचं. पण त्यापायी त्या उतरल्या नसत्या.

त्यांना वाटलं होतं, तो हळहळेल आणि म्हणेल, मग राहा घरी. त्याऐवजी तो इंजिनाखाली शिरला. तासाभराने काळ्या कपाळाने बाहेर आला तो सगळं निदान घेऊनच. इंजिनाच्या पोटात तापलेल्या तेलाची वाफ होते, ती एका नळीतून खाली बाहेर पडते आणि गिअरच्या दांड्याच्या रबरातून कॅबिनमध्ये चढते. ती नळी सरळ इंजिनाच्या हवा ओढायच्या पाइपाला जोडली तर वास जाईल, पण वाफेबरोबर तेलही आत जाऊन सगळं चिकट करून ठेवील. म्हणून मध्ये एक डबा हवा. वाफ डब्यात शिरायची, आतल्या तारेवर आपटायची, तेल तळाशी गळायचं आणि कोरडी हवा पुढे जायची. असला डबा बाजारात तयार मिळतो, हे त्याने शेवटी सांगितलं आणि लगेच विसरूनही गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींना साखर कागदाच्या पिशवीत सापडली. फिरकीच्या झाकणाचा छोटा स्टीलचा डबा गायब होता, आणि भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचं अख्खं पाकीटही. त्याने डब्याला दोन नळ्या डाग देऊन जोडल्या, आत तळापासून चार बोटं वर जाळी बसवून तिच्यावर घासण्या भरल्या, तळाला उघडझाप करायची तोटी लावली. वहिनींनी बॅटरी धरली, पाना दिला, चहा दिला. आपल्याच हाताने आपली सबब मोडायला मदत करतोय हे त्यांना कळत होतं, पण बॅटरी वाकडी धरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

डबा बसवून दोघं रिकामा ट्रक घेऊन चाचणीला निघाले. वास गेला. पार गेला. तो दर दोन मिनिटांनी विचारी, येतोय का, आणि वहिनींना नाही म्हणावं लागे. प्रत्येक वेळी तो मिशीत हसे, आणि वहिनी मनातल्या मनात दिवस मोजत. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

चाळीसेक किलोमीटरवर समोरच्या काचेवर तेलाचे शिंतोडे आले. गाडी थांबवून पाहतात तो तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून उडून बाहेर आलेली, आणि अख्खं इंजिन तेलाने न्हालेलं. कसेबसे तळावर परतले. तिथला मिस्त्री बघायला आला आणि त्याने यथेच्छ तोंडसुख घेतलं. इंजिनाचं नाक दाबलं तर ते तोंड उघडणारच, हा साखरेचा डबा काढून फेक आणि पुन्हा असले उद्योग करू नकोस, असं म्हणून तो निघून गेला.

खटपट्याने डबा सोडवला, झाकण काढून वहिनींच्या हातात दिला आणि पायरीवर बसला. कोपरापर्यंत हात काळे. एरवी त्याने मिस्त्रीला चार शब्द सुनावले असते.

"राहू दे," तो म्हणाला. "हरलो मी. तू घरीच राहा. मी जाईन एकटा."

झालं. वहिनींना हवं होतं ते आपसूक पदरात पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी मांडीवर ठेवलेल्या उघड्या डब्यात पाहिलं. आत अकरा घासण्या मुठीने ठासून भरल्या होत्या, बोटसुद्धा शिरलं नसतं. काय चुकलंय ते त्यांना पाहता क्षणीच कळलं. त्या एवढ्या चिडल्या की गप्प बसणं जमलंच नाही.

"अहो, हे ठासलंय तुम्ही."

त्यांनी एकेक घासणी उपसून काढली. तीनच ठेवल्या, त्याही बोटांनी ओढून ओढून मोकळ्या केल्या आणि डब्यात अलगद सोडल्या. वरून तळहाताने दाबून पाहिलं, हात उचलला, तार हळूच वर आली. सीटमध्ये फोमचा चुरा ठासला तर सीटचा दगड होतो, त्या म्हणाल्या. मोकळा भरला की बसणाऱ्याचा भार पेलतो आणि हवेलाही वाट राहते.

तो डब्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत होता.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"मावशींनी. त्यांच्याकडे शिवते मी, गाडी उभी असते तेव्हा. आठ महिने झाले."

आता थांबण्यात अर्थ नव्हता. वहिनींनी खिडकीजवळच्या मशीनबद्दल सांगितलं, महिनाअखेरबद्दल सांगितलं, आणि आपल्याला ते मशीन फार हवंय असंही सांगितलं.

"आणि वास?"

"वास होता. पण वासासाठी मी उतरले नसते. मला तुम्हाला सांगायची भीती वाटत होती."

त्याने फडक्याने हात पुसले. ते पुसून निघण्यासारखे नव्हते, तरी बराच वेळ पुसत राहिला.

"मग हा डबा मी कोणासाठी केला?" एवढंच म्हणाला आणि झाकण लावायला उठला.

पुढची खेप दोघांनी मिळून केली, दोन दिवसांची. तो रागावला होता आणि वहिनींना वाईट वाटत होतं, त्यामुळे बोलणं बेताचंच झालं. डबा मात्र गुणी निघाला. पट्टी जागची हलली नाही, वास नाही, आणि दर तीन तासांनी तोटी उघडली की बाटलीत दोन बोटं काळं तेल. परतल्यावर त्याने मोठा डबा काढला. हा बसवला की दिवसभर बघायला नको, म्हणाला.

"छोटाच राहू दे," वहिनी म्हणाल्या.

"का? एकट्याने सारखं उतरून तेल कोण काढणार?" एकट्याने हा शब्द तोंडातून गेला आणि तो थबकला. मग त्याने विचारलंच. "मला झोप लागली तर?"

गेल्या आठ महिन्यांत वहिनींनी स्वतःला याशिवाय दुसरं काही विचारलंच नव्हतं.

"छोटा डबा तीन तासांत भरतो. नाही काढलं तर तेल तारेपर्यंत चढेल आणि इंजिनात जाईल. तुम्हाला थांबावंच लागेल. थांबायचं, उतरायचं, तेल काढायचं आणि किती निघालं ते मला फोन करून सांगायचं."

तो हसला नाही, पण मोठा डबा त्याने खाली ठेवला. भूक लागली, पाठ मोडली, डोळे चुरचुरले, तरी पुढच्या गावापर्यंत रेटणारा हा माणूस. स्वतःसाठी तो कधी थांबला नव्हता. इंजिनासाठी मात्र थांबला असता, आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या एकट्या खेपेच्या दिवशी वहिनी सकाळी आठला मशीनवर बसल्या. फोन मशीनच्या फळीवर, कात्रीशेजारी. अकराला वाजला.

"दोन बोटं."

"बरं."

त्याने फोन ठेवला. वहिनींनी अर्धं सीटकव्हर पुरं केलं, जेवल्या, पुन्हा बसल्या. पुढचा फोन दोनला यायचा. तो एक वाजताच आला, आणि वहिनींनी कापड टाकून तो उचलला.

"इतक्यात भरला?"

"नाही. निम्माच आहे. डोळे मिटायला लागले म्हणून बाजूला घेतली. अर्धा तास पडतो आता."

"पडा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी फोन फळीवर ठेवला, पायपट्टीवरचा पाय काढून घेतला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. दुकानात आवाज थांबला तशी कटाईच्या टेबलावरून मावशींनी मान वर केली. कामाच्या वेळी बंद पडलेलं मशीन त्यांना खपत नसे. मशीन का थांबलं, असं त्यांनी विचारलं.

"हळू," वहिनी म्हणाल्या. "ते झोपलेत."