कोरडी लिफ्ट

"ओरड ना गं बाई, एकदाच!" लिफ्टच्या छतावर मांडी घालून बसलेला मेकॅनिक म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. लिफ्ट हलली. तिसरा मजला सुटला तसा खोल घशातून आल्यासारखा लांबलचक आवाज निघाला. मेकॅनिकने रेकॉर्डर पुढे धरला. त्याचा चेहरा खुलला होता.

लिफ्टवाल्याने लिफ्टच्या कुरकुरीवर खूश व्हावं, हे अजबच. पण त्याला एक वेड होतं. कॉलेजपासून तो आणि त्याचा मित्र भुताखेतांचं रॅप करत. ग्रुपचं नाव 'तळघर'. मित्र कवटीचा मुखवटा लावून शब्द फेकायचा, म्हणून तो कवटी. हा मागे निपचित बसून संगीत जुळवायचा, म्हणून मुडदा. बायकोसुद्धा दारातून ओरडायची, "अहो मुडदा, डबा राहिला!"

गोदामात नाहीतर पार्किंगमध्ये कार्यक्रम व्हायचे. मूठभर पोरं यायची, मनसोक्त किंचाळायची आणि खूश होऊन जायची. गाण्यांतले हुंदके आणि धापा लिफ्टच्या आहेत, याचा कुणाला पत्ता नव्हता.

आता कवटीला परगावी नोकरी लागली होती. घरदार घेऊन तो कायमचा निघाला होता. जाण्याआधी एक शेवटचं गाणं करायचं ठरलं, आणि त्यासाठी मेकॅनिकने या लिफ्टचे रूळ तेल न घालता मुद्दाम कोरडे ठेवले होते. धोका काही नव्हता, नुसता आवाज.

तो खाली उतरला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकू कठडा धरून जिना चढत होत्या.

"झाली का हो नीट?"

"आवाज कुठून येतो ते बघतोय, काकू. लिफ्टने जा ना, चालू आहे."

"नको रे बाबा! जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा गुडघे दुखलेले परवडले."

मेकॅनिक ओशाळला. आपल्या गाण्यापायी या बाई रोज जिने चढत होत्या, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने सगळं खरं सांगून टाकलं. काकू रागावतील असं वाटलं होतं, पण त्या पायरीवर बसल्या.

"ऐकव बघू. ज्याच्यासाठी माझी दमछाक केलीस, ते आहे तरी काय?"

आधीच्या रेकॉर्डिंगवरून जुळवलेलं गाण्याचं संगीत मोबाईलवर लावून त्याने हेडफोन दिले. काकू डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मेकॅनिकला परीक्षेला बसल्यासारखं झालं.

"भीती नाही वाटली?" त्याने विचारलं.

"छे! कुणीतरी रडतंय की रे त्यात. कोण चाललंय सोडून?"

त्याने हेडफोन परत घेतले. "मित्र," तो म्हणाला.

"सांगितलंस का त्याला, वाईट वाटतंय म्हणून?"

"तसलं बोलत नाही आम्ही, काकू."

त्याने तिथेच उभं राहून गाणं कवटीला पाठवलं. खाली लिहिलं, 'ऐक आणि काय वाटलं ते सांग.' मग मोबाईल हातातच धरून तो वाट पाहू लागला. काकूही थांबल्या. त्यांनाही उत्सुकता होती.

थोड्या वेळाने उत्तर आलं: 'जबरदस्त! अंगावर काटा आला.'

"काय म्हणतो?" काकूंनी विचारलं.

"आवडलं त्याला."

मोबाईल खिशात टाकून मेकॅनिक तेलाचा डबा घेऊन पुन्हा वर चढला. रूळ पुसले, तेल सोडलं, दोन-तीनदा लिफ्ट वरखाली करून पाहिली. मग काकूंना आत उभं करून त्याने स्वतः दार लावून दिलं.

लिफ्ट वर गेली. तो खाली कान देऊन उभा राहिला. चौथ्या मजल्यावर दार उघडल्याचं तेवढं ऐकू आलं.