मांडीचं माप

आमचा धाकटा भाऊ अकरा वर्षं विजेच्या खांबांवर चढतोय आणि त्या अकरा वर्षांत त्याला साधं खरचटलंही नाही. पडला तो डेपोच्या जिन्यावरून, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन. गुडघ्याच्या आतला बंध तुटला. ऑपरेशन झालं, पाय सात आठवडे पट्ट्यात राहिला, आणि पट्टा सुटला तेव्हा उजवी मांडी इतकी वाळली होती की ती त्याचीच आहे हे पटेना. चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या घराचा जिना त्याला चढवेना, म्हणून तो माझ्याकडे राहायला आला.

मी शिंपीण. दुकान रस्त्यालगत, मागच्या दोन खोल्यांत घर. शर्ट, पँट, कोट, गणवेश, येईल ते शिवते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं गिऱ्हाइकं म्हणतात. तरी येतात.

कंपनीनं धाकट्याला तारीख दिली होती. तीन महिन्यांनी आवारातल्या सरावाच्या खांबावर तीनदा चढून दाखवायचं. चढला तर पुन्हा लाइनमन, नाही चढला तर कायमचा तक्रारींच्या फोनवर. खुर्चीत बसून दिवसभर 'लाइट कधी येणार' ऐकायचं. ज्याला जेवतानाही एका जागी बसवत नाही त्याला ही जन्मठेपच. पण खांबाला हात लावण्याआधी फिजिओबाईंचा दाखला लागणार होता, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. बाईंनी पहिल्या दिवशी दोन्ही मांड्या मोजल्या. डावी, म्हणजे धड असलेली, बावन्न सेंटिमीटर. उजवी सत्तेचाळीस. दोघींत दीडाहून जास्त फरक राहिला तर सही करणार नाही, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. माझ्या निम्म्या वयाची पोर, पण बोलणं एकदम काटेकोर.

व्यायाम त्यांनी आखून दिला. आठवड्यातून तीनच दिवस, आणि मधल्या दिवशी काही नाही. रोज आठ तास झोप. दर जेवणात अंडी, डाळ, मासे, दही यांतलं काहीतरी. सिगारेट बंद, चहा दोनच कप. पेनानं दोन्ही मांड्यांवर खूण केली आणि म्हणाल्या, दर रविवारी सकाळी या खुणेवर माप घेऊन लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी मी बघीन. धाकट्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझी ताई शिंपीण आहे, तिचं माप चुकत नाही. मीही मान ताठ केली. माझी टेप ज्यांच्याकडे काम शिकले त्या मास्तरांनी दिलेली, बावीस वर्षं रोज माझ्या गळ्यात. तिनं घेतलेल्या मापावर शिवलेला एकही कपडा कधी परत आला नाही.

पहिल्या रविवारी मी उजवीचं माप घेतलं, डावी धडच होती. सेहेचाळीस.

तीनदा घेतलं, तेवढंच. आठवडाभर व्यायाम करून मांडी एक सेंटिमीटरनं उतरली होती. दुसऱ्या दिवशी, व्यायामाच्या सुट्टीच्या दिवशी, मी शटर उघडायला आले तर हा माझं सुटाच्या कापडाचं ठाण खांद्यावर घेऊन उठाबशा काढतोय. मी म्हटलं, आज विश्रांती आहे ना? तर म्हणाला की विश्रांती ज्यांची मांडी वाढते त्यांनी घ्यावी.

तिथून त्याला ताळच राहिला नाही. मधले दिवस संपले. सकाळी पाचला उठून शेजारच्या इमारतीचा जिना, संध्याकाळी पुन्हा ठाण, आणि अंथरुणावर पडला की फोनवर फुगलेल्या दंडांच्या माणसांचे व्हिडिओ. पाच तास झोपला तर पुष्कळ. अंडी इतकी खायचा की कोंबड्यांनी संप केला असता. मी सांगून पाहिलं, अति तिथे माती. पण पालथ्या घड्यावर पाणी. चिडचिडा इतका झाला की माझ्या नाकावरचा राग याच्यापुढे गरीब वाटायला लागला. आणि दर रविवारी टेप सेहेचाळीसच्या आसपासच घुटमळायची. एकदा साडेसेहेचाळीस झालं तेव्हा त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला. पुढच्या रविवारी पुन्हा सेहेचाळीस.

त्या चौथ्या रविवारी उजवीचं माप लिहून झालं. सहज म्हटलं, जरा डावी पण बघू. तो वर्तमानपत्र वाचत उभा राहिला. मी टेप गुंडाळली आणि आकडा बघितला. पन्नास.

बावन्नची मांडी पन्नास. जिला काही झालंच नव्हतं ती.

"किती?" त्यानं विचारलं.

"बावन्न," मी म्हटलं आणि टेप गळ्यात टाकली.

माणूस वाळायला लागला की घरच्यांच्या आधी शिंप्याला कळतं. आमचे वडील गेले त्या वर्षी मी त्यांची पँट चार वेळा आत घेतली होती. डॉक्टर सांगत होते सगळं ठीक आहे, आणि मी इकडे शिवण उसवून पुन्हा अर्धा इंच आत घालत होते. चौथ्यांदा घेताना दोन्ही खिसे मागे एकमेकांना टेकले, तेव्हाच मी समजून चुकले होते. आता धाकट्याचा चांगला पायही उतरत होता. गुडघ्याचं कारण पुढे करून अंगात काहीतरी दुसरंच शिरलंय, वडिलांचंच असेल, असं मनात आलं आणि ते जाईना. नोकरी, खांब, तारीख, सगळं बाजूला पडलं. मला फक्त तो हवा होता, खुर्चीत बसलेला चालला असता. पुढचे दोन आठवडे मी शिवलं काय आणि उसवलं काय ते मलाच ठाऊक.

सहाव्या आठवड्यात बाईंकडे गेलो. त्यांनी त्याला आधी चालायच्या मशीनवर पाठवलं. तो पलीकडच्या खोलीत गेल्याबरोबर मी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. उजवी वाढत नाही, डावी दोननं उतरली, त्याला मी खोटं सांगितलंय, आमच्या वडिलांना असंच झालं होतं. बाईंनी त्याला हाक मारली, झोपवलं, आणि आपली टेप काढली.

उजवी साडेअठ्ठेचाळीस. डावी बावन्न.

मी म्हटलं, चूक आहे. बाईंनी पुन्हा मोजलं. तेच. मी माझी टेप गळ्यातून काढून मोजलं. सत्तेचाळीसला जरा कमी, आणि पन्नासला जरा जास्त. धाकटा आडवा पडून आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होता. मी म्हटलं, बाई, तुमचं काम तुम्हाला येतं, पण माप माझ्या धंद्याचं आहे. त्यावर त्यांनी शांतपणे दोन्ही टेपा त्याच्या शेजारी पलंगावर एकीलगत एक पसरल्या, टोकाला टोक जुळवून.

त्यांच्या दीडशेच्या आकड्याशेजारी माझा एकशेपंचेचाळीस होता.

"कापडी टेप ताणत जाते," बाई म्हणाल्या. "रोज ओढली जाते ना."

मग पहिला विचार आला तो माझ्या गिऱ्हाइकांचा. बावीस वर्षं मी लोकांना चुकीची मापं सांगतेय, मग एकही कपडा परत कसा आला नाही? बाईंनीच विचारलं की कापडही याच टेपेनं मोजता ना? मग काय, अंगही त्याच टेपेनं आणि कापडही त्याच टेपेनं, दोन्हीकडे सारखीच चूक, कपडा बरोबर बसणारच. दुसऱ्या कुणाचा आकडा शेजारी आला तेव्हाच हिचं पितळ उघडं पडलं. आणि बायका माझ्याकडे का टिकतात तेही त्या दिवशी कळलं. मी सगळ्यांची कंबर एकेक इंच कमी सांगत होते.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मी तिथं अनुभवलं. धाकट्याची डावी मांडी होती तेवढीच होती. कुठे काही वाळत नव्हतं. मी हसायला लागले आणि मग रडायला लागले, आणि धाकटा उठून बसला. "ताई, तू मला बावन्न सांगितलंस ते खोटं?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, खोटं सांगितलं पण खरं निघालं, आता गप्प बस.

पण बाई हसत नव्हत्या. त्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. गुडघा सुजला होता, आत पाणी झालं होतं. त्यांनी दिवसाचा सगळा हिशेब विचारला, आणि त्यानं ठाण, जिना, पाच तासांची झोप सगळं कबूल केलं. सहा आठवड्यांत दीडच सेंटिमीटर वाढलंय, बाई म्हणाल्या, आणि तेही तुम्ही आडवे येत असताना. तारखेला सात आठवडे उरले होते आणि अजून दोन सेंटिमीटर हवे होते.

"व्यायामानं फक्त पायाला काम सांगून होतं," त्या म्हणाल्या. "पाय ते काम करतो तुम्ही झोपल्यावर. तुम्ही त्याला झोपूच देत नाही."

मग दहा दिवस नुसती सूज उतरवणं आणि त्यानंतर पहिल्यासारखा आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम. चौथ्या दिवशी ठाणाला हात लावलेला दिसला तर मला फोन करा, असं बाई त्याच्यासमोर मला म्हणाल्या. आता राग नाकावर ठेवण्याचा उपयोग झाला. मी त्याचा फोन रात्री दहा वाजता माझ्या कपाटात कुलूपबंद करायला लागले. पाचला उठला की परत झोपवायची. विश्रांतीच्या दिवशी त्याला दुकानात बसवून बटणं लावायला दिली, आणि लाइनमनची बोटं, बटण असं शिवायचा की शर्ट फाटेल पण ते निघणार नाही. त्याला सगळ्यात जड गेलं ते हे बसणंच. ठाण उचलणं सोपं होतं, म्हणायचा, बटणं लावताना वाटतं की तिकडे मांडी पुन्हा वाळतेय. मी म्हणायचे, वाळू दे, सुई बघ.

नवी टेप मी लगेच आणली होती. तिनं पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. मुख्याध्यापिकाबाईंचा कोट वहीतल्या जुन्या मापावर नव्या टेपेनं कापला आणि तो त्यांना बसेना. बिचारीनं घरी जाऊन जेवण सोडलं. मला चूक कबूल करावी लागली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या वहीतली सगळी माणसं जुन्या टेपेच्या भाषेत लिहिलेली आहेत, त्यांना आता कोण बदलणार? म्हणून जुनी गिऱ्हाइकांची आणि नवी फक्त धाकट्याची, असं ठरवून टाकलं. नवी टेप खिळ्याला टांगली. रविवार आला की तीच उतरायची. एकोणपन्नास. साडेएकोणपन्नास. एका रविवारी काहीच नाही, आणि त्या दिवशी मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आता हा ठाणाकडे धावणार म्हणून. त्यानं जांभई दिली आणि बटणांचा डबा ओढला. मग पन्नास. शेवटच्या रविवारी साडेपन्नासला रेषा टेकली. सोमवारी बाईंनी आपल्या टेपेनं मोजून सही केली.

खांबाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. मला आवारात सोडणार नव्हते, पण साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखलं. साहेब म्हणजे धाकट्याचा वरिष्ठ, हातात घड्याळ आणि कागद. धाकट्यानं पट्टा बांधला आणि चढला. पहिल्या खेपेला सरसर गेला, वर तार धरणारा क्लॅम्प बसवला, उतरला. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला निम्म्या वाटेवर तो थांबला.

नुसता थांबला. दोन्ही पाय पायऱ्यांवर, कपाळ खांबाला लावलेलं, अंग पट्ट्यावर सोडून दिलेलं. उजव्या मांडीला थरथर सुटलेली खालून दिसत होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे तक्रारींचा फोन वाजायला लागला. हा आता दात-ओठ खाऊन निघणार, गुडघा दगा देणार आणि सात आठवड्यांचं सगळं मातीत जाणार. मी ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यानंच मान वळवून खाली बघितलं.

"ताई, घाबरू नकोस," तो वरून म्हणाला. "दम खातोय."

साहेब माझ्याकडे वळले. वेळ भरपूर आहे, घेऊ दे त्याला, असं म्हणून त्यांनी घड्याळ खाली केलं. मी मान हलवली. उजवा पाय त्यानं पायरीवरून सोडवला, दोनदा झटकला, पुन्हा ठेवला. मोठा श्वास घेतला. मग एकेक पायरी, मुळीच घाई न करता, तो वर गेला.