मापाची बाटली

भाचरांनी त्यांचं नाव बाटलीमामा ठेवलं होतं. नाव ऐकून नवा माणूस जरा लांब सरकून बसायचा. मग कोणीतरी खुलासा करायचं, की मामांच्या बाटल्या रिकाम्या असतात आणि मामा पूर्ण शुद्धीत असतात. जुन्या सोड्याच्या काचेच्या बाटल्या जमवायच्या, हे त्यांचं वेड. गळ्यात गोटी अडकवलेल्या, बूड निमुळतं असलेल्या, काचेतच कारखान्याचं नाव उठवलेल्या. भंगारवाले त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवत, विहिरीतला गाळ उपसणारे निरोप धाडत. मामी म्हणायच्या, "आमच्याकडे प्यायच्या पाण्याला बाटली सापडत नाही, आणि रिकाम्या बाटल्यांना कपाटं मात्र भिंतभर."

पण मामांचा जीव जिच्यावर होता ती बाटली त्यांच्या कपाटात नव्हती. ती थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर उभी असायची. वडिलांचा सोड्याचा लहानसा कारखाना होता. तो बंद पडला तेव्हा सगळा माल भंगारात गेला, ही एक तेवढी ताईंनी मागे ठेवली. फिकट हिरवी काच, आणि पोटावर वडिलांचं नाव. मामांनी ती किती वेळा मागितली असेल, देवालाच ठाऊक. ताई दर वेळी हसून म्हणायच्या, "ती कामाची आहे रे धाकट्या." काम म्हणजे लिंबाचा पाक मोजायचा. मामांना वाटायचं, असल्या बाटलीत पाक मोजणं म्हणजे गाभाऱ्यात भाजी निवडणं.

मग जुन्या बाटल्यांचं प्रदर्शन ठरलं. मामा ताईंकडे जाऊन बसले. म्हणाले, लोकांना वडिलांचं नाव एकदा दिसू दे, मग परत आणून देतो. वडिलांचा विषय निघाल्यावर ताई विरघळल्या. हल्ली त्यांची नजर फार अंधुक झाली होती. त्यांनी चाचपत बाटली पुसली, मऊ कापडात गुंडाळली आणि हातात देताना म्हणाल्या, "जशी नेतोस तशी आण."

मामांनी त्याचा अर्थ घेतला, की फोडू नकोस.

घरी आणून त्यांनी ती भिंगाखाली धरली आणि त्यांचा जीव हळहळला. वर्षानुवर्षांच्या वापरानं काच आंधळी झाली होती. बाहेरून पांढुरका थर, आणि मागच्या बाजूला एक आडवा ओरखडा. मामांकडे बाटल्या उजळायचं यंत्र होतं. त्याच्या पिंपात बाटली, तांब्याच्या तारेचे तुकडे, पाणी आणि पॉलिशची पूड घालायची, आणि पिंप सावकाश फिरत ठेवायचं. ताईंना चकित करावं, इतकंच त्यांच्या मनात होतं. माणूस दुसऱ्यावर माया करतो तेव्हा त्याला काय हवं ते विचारायचं मात्र राहून जातं. पहिल्या खेपेत थर गेला. ओरखडा राहिला. तेवढ्यासाठी मामांनी जास्त खरखरीत पूड घातली, पिंप पुन्हा फिरवलं, नंतर पुन्हा बारीक पूड. शेवटी काचेवरून नख फिरवलं तर ते कुठेच अडकेना. त्यांनी कौतुकानं मामींना हाक मारून दाखवलं.

प्रदर्शनात लोक त्या बाटलीपाशी थबकत होते. एक जुना संग्राहक म्हणाला, अशी निर्मळ काच जन्मात पाहिली नाही. मामांचे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाटली घेऊन ताईंकडे गेले. सून चहा टाकत होती. ताईंनी बाटली हातात घेतली, उजवा अंगठा मागच्या बाजूनं फिरवला. पुन्हा फिरवला. बाटली उलटी करून पाहिली.

"ही आपली नाही," त्या म्हणाल्या.

मामा हसले. त्यांनी ताईंचं बोट धरून उठावाच्या अक्षरांवरून फिरवलं. ताईंनी एकेक अक्षर वाचलं.

"नाव आपलं आहे. रेघ कुठे गेली?"

मामांना आधी काही कळेना. ताई सांगत गेल्या. ती रेघ वडिलांनी कानशीनं मारली होती. कारखाना नवा होता तेव्हा कितीतरी लोकांना चाखायला देऊन, आंबट-गोडाचा मेळ एकदाचा जमल्यावर. पाक इथपर्यंत, वर सोडा. तीच मापाची बाटली. मामा तेव्हा शिकायला बाहेरगावी होते. सुटीत यायचे ते सोडा प्यायला. टेबलाशी वडिलांच्या शेजारी उभी असायची ताई. वडिलांनी तिचा अंगठा धरून नख त्या रेघेत बसवलं होतं. बाटली उजेडाकडे धरायची, पाकाची सावली चढत नखापाशी आली की हात थांबवायचा. पुढे वडील गेले, कारखाना गेला, डोळेही जाऊ लागले. नखाला मात्र रेघ सापडत होती, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला वडिलांच्या हातचाच सोडा मिळत होता.

"मीच घालवली, ताई," मामा म्हणाले. "मला ओरखडा वाटला."

मामांनी फोनमधले फोटो उघडले. नेण्याआधीचे होते, पण सगळे नावाच्या बाजूचे; मागची बाजू काढावी असं त्यांना वाटलंच नव्हतं. मग ते घाईनं म्हणाले, आपण पुन्हा मारू रेघ, तुम्ही फक्त जागा दाखवा. ताईंनी अंगठा ठेवला. जरा खाली घेतला. पुन्हा वर नेला.

"करून बघू," त्या म्हणाल्या.

सुनेनं फ्रिजमधून पाक आणि सोडा काढला. मामांनी अंदाजानं पाक ओतला, वर सोडा भरला, पेल्यात काढून दिला. ताईंनी घोट घेतला, मान हलवली. फार गोड. दुसऱ्या वेळी कमी घेतला. तो पाणचट लागला. मग मधला. सून म्हणाली, हाच की हो. ताईंनाही क्षणभर तसं वाटलं, म्हणून त्यांनी आणखी एक घोट घेतला, आणि चेहरा पुन्हा हरवला. मामा पेनानं काचेवर खूण करत होते, पुसत होते, पुन्हा करत होते. प्रत्येक घोटाबरोबर जीभ आणखी गोंधळत चालली.

"पुरे," ताई म्हणाल्या. "चव लक्षात ठेवायची कधी वेळच आली नाही रे. रेघ होती ना."

त्यांनी बाटली विसळली, कोरडी केली, पेनाची खूण बोटानं चोळून काढली आणि बाटली मामांच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. तुझ्याकडे शोभेल."

आवाजात टोमणा असता तर मामांनी तो आनंदानं सोसला असता. तो नव्हता. जन्मभर जी मागितली ती न मागता हातात आली होती, आणि ती धरायची कशी ते त्यांना कळत नव्हतं.

"इथेच राहू दे, ताई."

"इथे काय करू तिचं?" ताईंनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

मामा बाटली मांडीवर घेऊन बसून राहिले. सून एकेक पेला उचलत होती. कुठलाच कोणी संपवला नव्हता.